सुतळीवर बांधलेला दोर

आमच्या भावजींनी आयुष्यात कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. पाणी हवं असेल तर उठून घेतील, मीठ कमी असेल तर गुपचूप वरून घालतील, ताटातलं एखादं नको असेल तरी मान खाली घालून गिळतील. वयानं ते माझ्याहून कितीतरी लहान. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते आणि सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्यांचं नाक पुसण्यापासून सगळं माझ्याच गळ्यात पडलं. पण नातं दिराचं. म्हणजे नाक पुसतानासुद्धा ‘इकडे या भावजी, शिंकरा’ असं आदरानं म्हणायचं. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत, मला काय.

त्यांचा एक स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दुसऱ्यानं केलेलं काम त्यांना नीट वाटलं नाही, की ते चकार शब्द न काढता पुन्हा करायचे. मी वाळत घातलेले कपडे मागून येऊन परत झटकून घालायचे. आमच्या ह्यांनी लावलेली खिडकी उघडून पुन्हा लावायचे. एकदा मी चिडलेच. म्हटलं, "का हो भावजी, माझ्या हातांना काय रोग झालाय?" तर कान लालबुंद. "नाही वहिनी, तू छानच घातलेस. वारा आहे ना जरा." आणि मग मला वाईट वाटलं असेल म्हणून दोन दिवस माझी नजर चुकवत घरात फिरले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं! त्यांनी एखादं बोचकं बांधलं तर ते सोडवायला मला कात्री घ्यावी लागायची. ट्रंक, अंथरुणाची वळकटी, सायकलला लावलेलं सामान, सगळं असं बांधायचे की जणू उद्या भूकंपच येणार आहे.

शिक्षण बेताचं झालं. आमचे हे बस आगारात मेकॅनिक, त्यांनी ओळखीनं भावजींना बंदरावर मदतनीस म्हणून लावलं. तिथून ते क्रेन चालवायला शिकले आणि क्रेनवरून थेट समुद्रात गेले, तेलाच्या रिगवर. रिग म्हणजे काय ते मला त्यांनी जेवणाच्या पाटावर वाट्या मांडून समजावलं होतं. किनारा दिसतही नाही अशा ठिकाणी तीन लोखंडी पायांवर उभं राहिलेलं अख्खं गाव. खाली समुद्र, वर माणसं, यंत्रं, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या. जायचं-यायचं हेलिकॉप्टरनं. एक महिना तिथे, एक महिना घरी. आमच्या घरात पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसलेला माणूस तोच, पण कसं वाटलं विचारलं तर म्हणे, "आवाज फार होतो."

रिगवर प्रत्येक कामाला दोन माणसं. एक तिथे असतो तेव्हा दुसरा घरी. त्यांना जोडीदार म्हणतात, पण जोडी अशी की कधी एकत्र दिसायची नाही. भावजींच्या जोडीदाराला सगळे लंबू म्हणायचे. लंबू ताडमाड, बोलका, हसरा, असं ऐकून माहीत. दोघांचा बंक, म्हणजे झोपायचा कप्पा, एक, गादी एक, कपाट एक, क्रेनची केबिन एक. भेट व्हायची ती हेलिपॅडवर. हेलिकॉप्टरची पाती फिरत असायची, एक उतरायचा, दुसरा चढायचा, कान फाटत असायचे, मग एकमेकांना अंगठा दाखवायचा, झालं. दहा-अकरा वर्षं हा असा संसार चालला. मी म्हणायची, "भावजी, तुमच्यासाठी कशाला मुली बघायच्या? तुमचं लग्न झालंय त्या लंबूशी. एकाच गादीवर झोपता आणि एकमेकांचं तोंड बघत नाही, हे आणखी कुठे चालतं?" ते हसायचे. मनमोकळे हसायचे तेव्हा.

आणि लग्न खरंच जमलं नाही. अर्धं वर्ष समुद्रात राहणारा आणि उरलेलं अर्धं वर्ष न बोलणारा नवरा कोणाला हवाय! दोन-तीन ठिकाणी बघून झालं, मग त्यांनीच हात जोडले. आमच्याकडेच राहिले. सुट्टीतल्या महिन्यात माझ्या शिलाई मशीनला तेल घालायचे, नळाचे वॉशर बदलायचे आणि लंबूच्या गोष्टी सांगायचे. म्हणजे बोलायचे ते फक्त त्याच्याबद्दल.

"या खेपेला त्यानं केबिनमधली खुर्ची पार वर करून ठेवली होती. माझे पाय लटकत होते."

"मग?"

"केली खाली."

"तो परत गेला की वर करणार."

"करतोच ना. तो वर करतो, मी खाली करतो. मी खिडकीचे स्क्रू घट्ट करतो, तो सैल करतो. सामान बांधायच्या पट्ट्या तो ढिल्या ठेवतो, मी जाऊन पुन्हा ओढतो. खणात लिमलेटच्या गोळ्यांचे कागद टाकतो लेकाचा, ते मी साफ करतो. मग पुढच्या वेळी माझ्यासाठी चार गोळ्या ठेवलेल्या असतात."

"एवढं सगळं त्याला सांगत का नाही?"

"कधी सांगणार? आणि कशाला? तो त्याच्या पद्धतीनं करतो, मी माझ्या. चाललंय की."

चाललं होतं खरं. अकरा वर्षं एकानं केलेलं दुसरा मुकाट्यानं दुरुस्त करत होता आणि दोघांच्याही मनात तसूभर राग नव्हता. मला विचाराल तर ते भांडले असते तर बरं झालं असतं. एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं तर बोलायची सवय तरी लागली असती. असो.

मग रिग जुनी झाली म्हणून तिला दुरुस्तीसाठी दूरच्या गोदीत न्यायचं ठरलं. तिला स्वतःचं इंजिन नसतं. पाय वर ओढून घ्यायचे, की ती पाण्यावर तरंगते, मग पुढे टग बोट लावून ओढत न्यायचं. मोजकीच माणसं वर ठेवायची. क्रेन नीट जखडायला एक माणूस हवा होता आणि दोरखंडांवर एक, म्हणून कंपनीनं दोन्ही जोडीदारांना एकदमच बोलावलं. भावजी निघाले तेव्हा चेहरा असा फुलला होता की मी थट्टा केली, "सासरी निघालात वाटतं! अहो, बंक कोण घेणार पण?" म्हणाले, "त्यालाच देईन. मी खाली झोपेन." आणि त्यांनी बरोबर लिमलेटच्या गोळ्यांचं मोठं पाकीट नेलं. मी आणि आमचे हे दारात उभे राहून हसलो. कसलं हसलो, देव जाणे.

पुढचं मी पाहिलेलं नाही. भावजींनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते मी एकत्र करून सांगते.

टगला बांधलेली मुख्य तार तुटली तर काय करायचं, म्हणून रिगच्या बाजूनं आणखी एक तार लावून ठेवतात. तिच्या टोकाला पातळसा दोर आणि त्याला पाण्यावर तरंगणारा बोया. संकटात टगनं येऊन तो बोया उचलायचा, दोर ओढायचा, की मागून तार सुटत येते. पण ही तार तोवर लोंबकळू नये म्हणून रिगच्या कडेला जागोजागी बांधतात, आणि ते मुद्दाम कच्चं बांधतात. साध्या सुतळीनं. टगनं ओढलं की सुतळ्या तटातट तुटल्या पाहिजेत. हे काम लंबूकडे होतं. टो-मास्तरनं, म्हणजे ओढून नेण्याचं सगळं ज्याच्या हातात असतं त्यानं, हे लंबूला नीट समजावलं होतं. भावजी त्या वेळी क्रेनवर होते. उभ्या रिगवर सगळी वर्षं गेली, ओढून नेताना ते कधी बरोबर गेलेलेच नव्हते. त्यांना हे माहीत नव्हतं.

निघाल्याच्या दिवशी संध्याकाळी ते सवयीप्रमाणे डेकवर फेरी मारायला गेले. पाहतात तर एवढी जाड तार सुतळीनं बांधलेली. त्यांना वाटलं, हे लंबूचं नेहमीचं. ढिलं काम. त्यांनी चांगला मजबूत दोर आणला आणि प्रत्येक सुतळीवर तो दोर करकचून बांधला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हात धुतले आणि खाली जेवणघरात गेले. तिथे लंबू चहा पीत बसला होता. त्यानं भावजींसाठी कप भरला. दोघं समोरासमोर बसले. घरच्या गोष्टी निघाल्या. लंबूनं त्याच्या बापाच्या गोष्टी सांगून भावजींना पोट दुखेपर्यंत हसवलं. भावजी म्हणतात, इतकं मी कोणाशी बोललो नव्हतो. पण दोराचं बोलले नाहीत.

"का नाही बोललात?" मी विचारलं होतं.

"तोंडावर कसं सांगू, वहिनी? तुझं काम मी पुन्हा केलं म्हणून? पहिल्यांदा तर बसलो होतो एकत्र. त्याला वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलं असतं! मेल्या त्या चांगुलपणाला काय करायचं!

वादळ येणार हे ठाऊक होतं. चुकवून पुढे सटकू असा मोठ्या साहेबांचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं गाठलंच. भावजी सांगत होते, रिगचे पाय वर आकाशात गेलेले, त्यामुळे ती लाटेवर अशी डोलायची की आता कोलमडते की मग. भांडी, खुर्च्या, माणसं, सगळं या भिंतीवरून त्या भिंतीवर. मग एक दणका बसला. टगची तार तुटली होती. रिग मोकळी झाली आणि वारा तिला आडवी करून किनाऱ्याच्या खडकांकडे घेऊन निघाला.

टगचा कप्तान जिवावर उदार होऊन मागे आला. बोया मिळाला. पातळ दोर त्याच्या हातात आला. त्यानं ओढायला सुरुवात केली आणि मागून तार येईना. वायरलेसवर तो बोंबलत होता, तार सोडा, तार का सोडत नाही. लंबूला वाटलं सुतळी कुठे तरी अडकली. त्यानं सुरी घेतली आणि डेकच्या कडेनं धावला. जेवणघरात वायरलेसचा तो आवाज भावजींनी ऐकला. त्यांना तेव्हा कळलं की सुतळी कशासाठी होती. ते मागून धावले, ओरडले, पण त्या वाऱ्यात कोण कोणाचं ऐकतो.

ते पोचले तेव्हा लंबू कठड्यावर ओणवा होऊन पहिल्या गाठीपाशी होता. सुरी हातात, पण कापत नव्हता. नुसता बघत होता. अकरा वर्षं ज्याच्या गाठी सोडवल्या त्या माणसाची गाठ त्याला ओळखू येणार नाही होय! त्यानं मान वर करून भावजींकडे पाहिलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. हसला, वहिनी. नेहमी हसतो तसा. मग कापायला लागला."

एक कापली, दुसरी कापली. भावजी त्याच्याकडे सरकत होते. तेवढ्यात लाट आली आणि ती ओसरल्यावर लंबू तिथे नव्हता.

टगचा पातळ दोर त्यानंतर तुटला. मग काही करण्यासारखं उरलंच नाही. अंधार पडायच्या सुमारास रिग खडकांवर चढली. लोखंड फाटतानाचा आवाज भावजींच्या अजून कानात आहे. उरलेली माणसं एका खोलीत एकमेकांना धरून बसली आणि सकाळी हेलिकॉप्टरनं एकेकाला उचललं. लंबू मात्र सापडलाच नाही.

आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा किनाऱ्यावर ही गर्दी. रिग खडकांवर एका अंगावर कलली होती, पाय वर, उलटं ठेवलेलं स्टूल असावं तशी. लोक फोटो काढत होते, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. भावजींनी तिकडे पाहिलंही नाही. गाडीत बसल्यावर आमच्या ह्यांनी त्यांच्या बाजूचा दरवाजा लावला, आणि भावजींनी तो उघडून पुन्हा लावला नाही. मी तेव्हाच चरकले.

चौकशी बसली. बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबल, पलीकडे तीन साहेब. भावजींना एकच विचारलं. तार बांधायचं काम कोणाकडे होतं? ते म्हणाले, लंबूकडे. खोटं नव्हतं ते. साहेबांनी मान हलवली, पुढच्या माणसाला बोलावलं. आणि चार दिवसांनी वर्तमानपत्रात आलं की मयत कामगाराच्या हलगर्जीपणामुळे तार सुटली नाही, रिग गेली, आणि त्याचा स्वतःचाही जीव गेला.

ते वाचून भावजी जेवायचे बंद झाले. मी मशीनवर बसले होते, दुपार होती. ते समोर येऊन जमिनीवर बसले आणि वर जे मी सांगितलं ते सगळं त्यांनी तुकड्या-तुकड्यानं मला सांगितलं. मी कापड तसंच सुईखाली सोडलं. मला दया आली आणि संतापही आला. म्हटलं, "मग उठा. जाऊन सांगा."

आमचे हे घरातच होते. म्हणाले, "कशाला? कोणी विचारलंय का त्याला? गेलेला माणूस परत येणार आहे का? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "तुमच्या घराण्यात न विचारता बोलायचं नाही आणि न बोलता करायचं, एवढंच शिकवलंय."

भावजी गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. कंपनीचा माणूस म्हणाला, धक्का बसलाय बिचाऱ्याला, मित्र गेला ना, म्हणून स्वतःवर ओढून घेतोय. पण त्यांतला एक साहेब भला होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि अहवाल बदलला. भावजींना पुन्हा कोणत्याही रिगवरून बोलावणं आलं नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण वर्तमानपत्रात पुढे काही छापून आलं नाही. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली होती, दुसरी कोणी लिहिलीच नाही.

मग कानावर आलं की लंबूच्या घरच्यांशी त्यांची गल्ली बोलत नाही. त्या गल्लीतली बरीच मुलं लंबूनंच शब्द टाकून रिगवर लावली होती. रिग गेली, सगळे घरी बसले. बापाला लोक तोंडावर म्हणायचे, तुमच्या पोरानं आमच्या पोरांचं वाटोळं केलं.

"वहिनी, माझ्याबरोबर येशील?" भावजींनी विचारलं. मी तशीच चपला घालून निघाले.

बसचा प्रवास लांबचा होता. सबंध वाटेत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, ओठ हलताना दिसायचे. लंबूचं घर वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, स्वच्छ. बाप म्हातारा, पोस्टमन म्हणून निवृत्त झालेला, मुलासारखाच उंच, आता वाकलेला. सून दवाखान्यात कामाला गेली होती. म्हाताऱ्यानं नाव-गाव विचारायच्या आधीच भावजींकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "जोडीदार ना? बसा. तो म्हणायचा, माझ्या मागे एक माणूस आहे, माझं सगळं नीट करून ठेवतो."

हे ऐकल्यावर भावजींची जुळवलेली वाक्यं गेली. मला वाटलं, आता हे तोंडातून ब्र काढणार नाहीत, मलाच बोलावं लागणार. पण त्यांनी सांगितलं. सुतळी, वरचा दोर, चहा, सुरी, लाट. काही वगळलं नाही, काही रंगवलं नाही.

 मी मनाची तयारी केली होती की आता हा म्हातारा भावजींच्या थोबाडीत मारेल, नाहीतर छाती बडवून घेईल. त्यानं तसलं काही केलं नाही. विचारलं, "साहेबांना सांगितलंत हे?"

"हो. लिहून घेतलं त्यांनी."

"लिहून घेतलं." तो उठला. चपला शोधल्या. "मला सांगून काय उपयोग? माझा पोरगा मला ठाऊक होता. यांना सांगा."

"कोणाला?"

"गल्लीला."

आणि त्यानं भावजींचं मनगट धरलं. मी मागून निघाले. पहिलं घर वेल्डरचं. त्याचा मुलगा रिगवरून परतून ओट्यावर रिकामा बसलेला. म्हातारा दारात उभा राहिला, आत हाक मारली, वेल्डर, त्याची बायको, मुलगा, सगळे आले. "हा लंबूचा जोडीदार," म्हातारा म्हणाला. "सांगा यांना."

भावजींनी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. वेल्डर खाली बघू लागला. त्याची बायको म्हणाली, "जाऊ द्या हो काका, झालं ते झालं. आम्ही कुठे काय म्हणतोय?"

"म्हणत होतात," म्हातारा म्हणाला. "पूर्ण ऐकून घ्या."

दुसरं घर, तिसरं घर. ज्यानं घरात ऊठ-बस करताना आवाज केला नाही तो माणूस अनोळखी दारांत उभा राहून तेच तेच पुन्हा सांगत होता. सुतळी त्याची होती. दोर मी बांधला. त्याला माहीत नव्हतं. कोणी शिव्या दिल्या. त्या वेल्डरचा मुलगा मागून आमच्याबरोबर चालत आला आणि एका दाराशी त्यानं भावजींच्या अंगावर थुंकण्यापर्यंत मजल नेली. म्हाताऱ्यानं त्याला अडवलं नाही, भावजींनी शर्ट पुसला नाही. एका घरात म्हातारी बाई ऐकता ऐकता रडायला लागली, तिनं लंबूला लहानपणी अंगावर पाजलं होतं म्हणे. आत घेऊन पाणी देऊ लागली तर म्हातारा म्हणाला, नंतर. मला त्या वेळी त्या म्हाताऱ्याचा राग येत होता. खोटं कशाला बोलू, भावजींना मी वाढवलंय, त्यांचा आवाज बसत चाललेला मला ऐकवत नव्हता. दोनदा मी पुढे झाले. दोन्ही वेळा भावजींनीच मान हलवून मला मागे केलं.

गल्ली संपत आली तेव्हा समोरून एक बाई येताना दिसली. खांद्याला पिशवी, कामावरून थकून आलेली. दारादारांत उभे असलेले लोक आणि सासऱ्यानं मनगट धरलेला हा परका माणूस पाहून ती थबकली. लंबूची बायको. मला वाटलं, हिला तरी घरात नेऊन, बसवून सांगतील. पण म्हातारा आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता.

"सांगा हिला," तो म्हणाला.

भावजींनी सांगितलं. रस्त्यातच. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. रडली नाही. मध्ये एकदाच तिनं अडवलं.

"तुम्ही दोर बांधत होतात तेव्हा हे कुठे होते?"

"खाली. चहा पीत होता."

"आणि मग तुम्ही?"

"मी पण खाली गेलो. त्याच्यासमोर बसलो."

"समोर बसलात."

"हो."

"किती वेळ?"

"बराच वेळ. खूप बोललो आम्ही."

 मग ती अगदी हळू, एखाद्या मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "मग विचारायचं ना हो. नुसतं विचारायचं, ही सुतळी का लावलीस म्हणून. त्यांनी सांगितलं असतं. त्यांना तर बोलायला फार आवडायचं."

 मला दिसत होतं, भावजी खरंच उत्तर शोधत होते.

"आमच्यात विचारायची सवय नव्हती," ते शेवटी म्हणाले.

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आमच्या बाजूनं पुढे गेली, घराशी पोचली, आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही. आणि मग आतून आवाज आला. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. अख्खी गल्ली ऐकत उभी होती.

भावजी तिकडे वळले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, पण त्यानं मनगट सोडलं नाही.

"चला," तो म्हणाला. "अजून एक घर राहिलंय."